अंबुजाक्कांचं विचारणं

अंबुजाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात पाण्याचा नवा कॅन स्टँडवर उपडा करायच्या खटपटीत होते. फोनवर मामा होते, म्हणजे अक्कांचे यजमान. मामा सहसा कुणाला फोन करत नाहीत, ते खातं अक्कांचं. "शैला, अंबुजा गेली ग," ते म्हणाले. "कॉफी केली, मला दिली, आपला पेला घेऊन बसली आणि..." कॅन तसाच आडवा टाकून मी चेन्नईतल्या अड्यारहून रिक्षाने मैलापूरला निघाले. रिक्षावाला वाटभर रस्त्यांच्या खोदकामाबद्दल तक्रार करत होता आणि मी मान डोलावत होते.

घरासमोर इतकी माणसं असतील असं वाटलं नव्हतं. अक्कांना मूलबाळ नाही, तंजावरकडची भाचरं संध्याकाळपर्यंत पोचणार होती. मग ही गर्दी कुणाची? मोगरा विकणारी बाई होती, कोपऱ्यावरचा वाहतूक पोलीस टोपी काखेत धरून उभा होता, कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांना हाका मारणारे एक म्हातारे गृहस्थ होते. यांतल्या बऱ्याच जणांना अक्कांचं नावही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी त्या बोम्मै मामी, म्हणजे बाहुल्यांच्या मामी. मी घरातली दिसते म्हणून प्रत्येक जण जवळ येऊन मला तेच सांगत होता, की एका वर्षी मी मामींच्या पार्कात होतो. पोलिसाने वर आणखी सांगितलं, "मला विचारून केलं होतं हं." जणू ती त्याला मिळालेली बढतीच होती. मला त्या तसल्या वेळी हसू आलं, आणि अक्कांनाही ते आवडलं असतं.

पार्कात होतो म्हणजे काय, ते सांगायला हवं. इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. आपल्याकडे गौरीपुढे आरास करतात, तसंच काहीसं. वरच्या पायऱ्यांवर देव, मधल्यांवर राजे, संत, नवरा-नवरी, वाण्याचं दुकान. आणि सगळ्यांत खाली, जमिनीवर वाळू पसरून मोहरी पेरून केलेली एक बाग. आपली मुलं दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरतात ना, तस्संच. आरशाचं तळं, काड्यापेटीचे बाक, प्लॅस्टिकची झाडं. त्या बागेला इकडच्या बायका सरळ पार्क म्हणतात. पार्क हा कोलूचा लाडका, थोडा वात्रट कोपरा. तिथे देवादिकांचे नियम चालत नाहीत, ज्याला जे सुचेल ते तो मांडतो. अक्का तिथे मैलापूर मांडायच्या. कागदाचा लगदा, त्यात मेथीचं पीठ, आत तारेचा सांगाडा. बोटभर उंचीची माणसं, सगळी खरी, रस्त्यात पाहिलेली.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती दोन हजार साल उजाडायच्या सुमारास. माझ्या यजमानांची बँकेतून बदली झाली आणि आम्ही सांगलीहून थेट मद्रासला येऊन पडलो. शहराचं नाव बदलून चेन्नई झालं होतं, पण आमच्या सासूबाई शेवटपर्यंत मद्रासच म्हणत राहिल्या. घरमालक मराठी आहेत कळल्यावर मी हुरळून गेले. पहिल्याच दिवशी अक्का जिन्याखालून म्हणाल्या, "जेवण जालं कां? नाही तर खालीं ये, अस्कं तयार आहे." शब्द बहुतेक मराठी, चाल मात्र पक्की तमिळ. अस्कं म्हणजे सगळं, हे कळायला मला काही दिवस लागले. या लोकांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि जी मराठी घेऊन आले तीच त्यांनी घरात जपून ठेवली, तमिळची फोडणी देऊन. मी मनात म्हणत होते, ही कसली मराठी! आणि अक्कांनी तोंडावर सांगितलं, "तूं पुस्तक वाचल्यासारखं बोलतेस ग." तिथून आमचं जमलं.

त्यांच्याबरोबर भाजीला जाणं म्हणजे एक व्याप असायचा. निघताना घाई, आणि मग वाटेत कुठेतरी त्यांचे पाय थांबायचे. मला कळायचंच नाही काय झालं. टक लावून त्या कधी कुणाकडे बघायच्या नाहीत. दुकानाच्या काचेत बघतील, पदर सारखा करताना बघतील, कांदे निवडता निवडता बघतील. समोर एखादी बाई एका पायावर भार देऊन, कमरेवर घागर पेलत, बोअरवेलच्या हापशाला हात लावून उभी असायची. मला ती पाणी भरणारी बाई दिसायची, अक्कांना तिची कंबर दिसायची. घरी आल्यावर ती आकृती विसरू नये म्हणून त्या चपातीच्या कणकेची करून ठेवायच्या. एकदा त्यांनी इस्त्रीवाला केला होता, इस्त्री दाबताना एक खांदा वर गेलेला, हुबेहूब. तो बघून झाल्यावर त्यांनी त्याचा गोळा केला, लाटला, आणि चपाती वर आमच्याकडे पाठवून दिली. "आज मी इस्त्रीवाला खाल्ला," असं यजमान पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

त्यांच्या बाहुल्यांना तोंड नसायचं. हरभऱ्याएवढं डोकं, त्यावर ना नाक ना डोळे. मी विचारलं तर म्हणाल्या, तोंड सगळ्यांचं सारखंच असतं, माणूस पाठीत असतो. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं. पहिल्या नवरात्रात मी त्यांचा पार्क बघायला वाकले तर फाटकाशी एक बाई उभी, हातात पिशवी, मान किंचित पुढे, एक पाय आत आणि एक बाहेर. मला ओळख पटायला क्षणभर लागला. ती मी होते. समोरच्या माणसाशी तमिळ बोलायचं आणि शब्द सापडत नाही, तेव्हाची मी. त्या शहरात येऊन मला महिने झाले होते, रोज शेकडो माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि मी कुणाच्याच खिजगणतीत नव्हते. ती बाहुली पाहून मला भरून आलं. कुणीतरी आपल्याला पाहिलंय, नीट पाहिलंय, यासारखं सुख परक्या गावात दुसरं नाही. पुढे जे घडलं ते सांगताना हेही सांगायला हवं, कारण माणसांकडे बघणं हा काही गुन्हा आहे असं अक्कांना कधीच वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही.

आता जे लिहिते आहे ते ज्यांच्याबद्दल आहे त्या पति-पत्नींना विचारून लिहिते आहे. त्यांनी सांगितलं तसं नाव गाळलं आहे, कुठली बाग तेही गाळलं आहे.

एका वर्षी अक्कांना एक गृहस्थ सापडले. सकाळी देवळातून येताना त्या एका बागेवरून यायच्या. तिथे बाकावर ते बसलेले असायचे. इस्त्रीचा शर्ट, शेजारी प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली डब्याची पिशवी, वर्तमानपत्राची चौघडी. पायांतले बूट काढून बाकाखाली जोडून ठेवलेले, घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवावेत तसे, आणि एक पाय मांडीखाली. अक्कांना त्या बुटांचं फार वेड लागलं. बागेत कुणी इतके व्यवस्थित बूट ठेवतं का, असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. त्यांनी ते गृहस्थ केले, बूट वेगळे केले, तांदळाच्या दाण्यांवर काळा रंग देऊन. त्या वर्षीच्या पार्कात तोच बाक सगळ्यांच्या नजरेत भरत होता.

पाचव्या-सहाव्या माळेला आमच्या गल्लीतली एक शेजारीण एका नवीन बाईंना घेऊन आली. नुकत्याच जवळपास राहायला आल्या होत्या. कोलूला येणाऱ्या बाईने देवीपुढे गाणं म्हणायचं असतं. मी दरवर्षी घसा बसल्याचं सांगून सुटते, या बाईंनी मात्र आढेवेढे न घेता म्हटलं आणि इतकं सुरेख म्हटलं की मामा आतून दारापर्यंत आले. मग हातात सुंडलचा, म्हणजे प्रसादाच्या उसळीचा द्रोण घेऊन त्या पार्क बघायला खाली बसल्या. बराच वेळ बसल्या. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, हे कोण? अक्का खुलल्या. कुणी त्या बाकाबद्दल विचारावं याचीच तर त्या वाट बघत असायच्या. त्यांनी सगळं सांगितलं. ओळख नाही हो, पण रोज दिसतात, सुट्टीचे दिवस सोडून. सकाळी येतात, डबा उघडतात, बघतात आणि पुन्हा बंद करतात, दुपार झाली तरी तिथेच. आणि बूट बघा ना कसे ठेवलेत!

बाई म्हणाल्या, "घरीही असेच ठेवतात." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "ऑफिसला जातो म्हणून सांगून निघतात."

खोलीत आणखी बायका होत्या, पण ते बहुधा आम्हा दोघींनाच ऐकू गेलं. बाई उठल्या, द्रोण नीट एका बाजूला ठेवला आणि दाराकडे गेल्या. इकडे कोलूला आलेल्या सवाष्णीला कुंकू, विडा, नारळ दिल्याशिवाय पाठवत नाहीत. अक्का तबक घेऊन मागे धावल्या, पण त्या पायऱ्या उतरून गेल्या होत्या. अक्का तबक हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. तेवढ्यात दुसऱ्या कुणी आल्या आणि त्यांना हसून या म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तेव्हा अक्का कोलूपुढे बसल्या होत्या. त्यांच्या सासूबाईंचा नियम असा, की एकदा पायरीवर बसवलेली बाहुली दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. दसऱ्याला एक बाहुली आडवी करायची, म्हणजे कोलू निजला, आणि मगच आवराआवर. मधेच कुणाला उचललं तर देवीला अर्ध्यावरून उठवल्यासारखं होतं. अक्का हा नियम लग्न झाल्यापासून पाळत आल्या होत्या. एका वर्षी मांजराने अर्धा पार्क उधळला तेव्हाही त्यांनी बाहुल्या होत्या तिथेच उभ्या केल्या. त्या सकाळी त्यांनी हात घातला आणि बाकावरचे गृहस्थ उचलले, मग बूट उचलले. देवीकडे बघून म्हणाल्या, "ह्याला विचारलं नव्हतं." आणि ती बाहुली पदरात गुंडाळून घेऊन गेल्या. बाक तसाच रिकामा राहिला.

मी मात्र गप्प बसणारी नव्हे. मी अक्कांशी रीतसर भांडले. बाग सार्वजनिक आहे, ते उघड्यावर बसले होते, येणारा-जाणारा त्यांना बघत होता. तुम्ही नाव सांगितलं नाही, तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तोंडसुद्धा केलं नाही. मग तुमचं चुकलं कुठे? लपायचं होतं तर बागेत कशाला बसायचं? मला वाटत होतं की मी त्यांची बाजू घेते आहे, त्यांना बरं वाटेल. अक्का नारळ खवत होत्या. खवणं संपल्यावर त्यांनी खवणी बाजूला सारली.

"दिसतं तें अस्कं आपलं नव्हे, शैला," त्या म्हणाल्या. "येणारा-जाणारा बघतो नि पुढें जातो. मी उचलून घरांत आणलं त्याला. जिथं घरचं कुणी येणार नाही अशी एक जागा शोधली होती त्यानं, पावम्."

पावम् म्हणजे बिचारा. तो शब्द त्यांनी असा म्हटला की माझं वकीलपत्र तिथेच संपलं.

त्यांना माफी मागायची होती. दसरा झाल्यावर आम्ही दोघी त्या बागेत गेलो. बाक रिकामा होता. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो, बाक रिकामाच. मग अक्कांचा धीर सुटत चालला. नोकरी गेलेला माणूस, घरी उघडा पडलेला... त्या पुढे काय विचार करत होत्या ते मला दिसत होतं, आणि मीही तोच विचार करत होते. आम्ही दोघींनी तो तोंडाने उच्चारला नाही. वर्तमानपत्र आलं की त्या आतल्या पानावरच्या बारीक बातम्या आधी वाचायच्या. शेजारणीकडून पत्ता मिळाला असता, पण त्या घरी जायला त्या तयार होईनात. एकदा न विचारता आपण त्यांच्या घरात शिरलोय, आता दुसऱ्यांदा कसं शिरायचं, असं त्यांचं म्हणणं. शेजारणीकडून त्यांनी एवढाच निरोप दिला की बोम्मै मामीला भेटायचंय, तुम्हाला वाटलं तर, वाटेल तेव्हा. आणि मग त्या रोज देवळातून येताना त्याच बागेवरून येत राहिल्या. त्या दिवसांत त्यांच्या हातून कणकेचं एक माणूस झालं नाही. चपात्या नुसत्या चपात्या होत्या.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी त्या बाई स्वतःच आल्या. मी खालीच होते. उठून जायला लागले तर त्यांनीच बसा म्हटलं. गृहस्थ ठीक होते. कारखाना बंद पडून कितीतरी महिने झाले होते, घरात सांगायचा धीर होत नव्हता. बाईंना काहीतरी बिनसलंय हे जाणवत होतं. त्यांनी आजारपणापासून दुसऱ्या बाईपर्यंत सगळं मनात आणून पाहिलं होतं. आता दोघं मिळून वाट काढत होती, त्यांना श्रीपेरुंबुदूरकडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम मिळण्याची आशा होती. बाई म्हणाल्या, "कळलं ते बरंच झालं, मामी. पण ते त्यांनी मला सांगायला हवं होतं. तुम्ही नव्हे."

त्या गेल्यावर मी म्हटलं, बघा, बरंच झालं म्हणाल्या की नाही? मी पहिलं वाक्य धरून बसले होते. अक्कांनी दुसरं धरलं होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. शेवट गोड झाला म्हणून आपलं वागणं आपोआप बरोबर ठरतं, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. बाई जाताना कुंकू लावून, नारळ घेऊन गेल्या होत्या. अक्कांनी त्यांच्या हातात तो नारळ देताना दोन्ही हात लावले होते, एवढं माझ्या लक्षात आहे.

आणि मग सुरू झालं अक्कांचं विचारणं. पुढच्या वर्षीपासून त्यांनी नियम केला, ज्याला पार्कात घ्यायचं त्याला आधी विचारायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. साठी उलटलेली एक बाई रस्त्यात तुमच्यासमोर येऊन उभी राहते आणि म्हणते, नवरात्रात तुमची बाहुली करू का? माणसं चक्रावून जायची. कुणाला वाटायचं देणगी मागताहेत, कुणाला वाटायचं काही करणी-बिरणी असेल. मी शेजारी शरमेने अर्धी होऊन उभी. मोगरेवालीने लगेच हो म्हटलं, पण थोडी बारीक करा अशी अट घातली. पोलिसाला मिशा हव्या होत्या. ज्या बाहुलीला तोंडच नाही तिला मिशा कुठे लावायच्या, यावर त्याची आणि अक्कांची भर चौकात चर्चा झाली. स्टेशनवर तिकीट देणाऱ्या एक बाई मात्र फटकन म्हणाल्या, "दिवसभर सगळे बघतातच. आता बाहुलीतपण बघणार?" अक्कांनी त्यांचे आभार मानले, आणि मनापासून मानले. परत येताना म्हणाल्या, बघ, हे आपल्याला कधीं कळलं असतं?

खरं सांगायचं तर पार्क बिघडला. विचारलेली माणसं फोटो काढायला बसल्यासारखी ताठ झाली. कंबर गेली, खांदा गेला, सगळे हात जुळवून सरळ उभे. बघायला येणाऱ्या बायका म्हणू लागल्या की पूर्वीची मजा राहिली नाही, आणि मी, न राहवून, तेच अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो ग. वाईट जालं आहे." आणि हसल्या. बस्स, एवढंच. मी वाट बघत होते की आता त्या काहीतरी समजावतील, कला आणि माणुसकी वगैरे. त्यांनी रंगाचा ब्रश धुतला आणि कॉफी टाकली. एक-दोन वर्षांनी बाहुल्या पुन्हा सैल होऊ लागल्या. कारण आता ती माणसं त्यांना जवळ बसू द्यायची, मोगरेवाली त्यांच्या मांडीवर गजरे ओवायला द्यायची. कोपऱ्यातून जे दिसत नव्हतं ते शेजारी बसून दिसायला लागलं होतं. तरी त्या बाकावरच्या बाहुलीच्या तोडीचं त्यांच्या हातून पुन्हा काही झालं, असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं.

मधेच आमची पुतणी पुण्याहून इथे सॉफ्टवेअर कंपनीत आली, हातात कॅमेऱ्याचा नवा मोबाईल. आम्ही तिघी रेल्वेने बीचकडे निघालो होतो. समोरच्या बाकावर एक बाई खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. पुतणीने पटकन फोटो काढला आणि आम्हाला दाखवला. फार गोड आला होता. अक्कांनी बघितला, छान आहे म्हणाल्या, आणि विचारलं, "तिला दाखवशील ना?" पुतणी म्हणाली, ती झोपलीय. "मग उठूं दे," अक्का म्हणाल्या आणि पदर आवरून निवांत बसल्या. बीच स्टेशन आलं तेव्हाच ती बाई उठली, कारण गाडी तिथेच संपते. फलाटावर तिला तो फोटो दाखवला. ती आधी दचकली, मग लाजली, मग म्हणाली की हा पुसून टाक. केस नीट केले, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, आता काढ. पुतणीने पहिला पुसला. तिला तो पुसवत नव्हता, मला दिसत होतं. दुसरा अगदीच साधा आला होता, पण मोबाईल बदलला तरी तो तिने टाकला नाही.

त्या बाकाचं काय झालं ते राहिलंच. अक्का दरवर्षी पार्कात तो बाक मांडायच्या आणि रिकामा ठेवायच्या. आणि नवरात्राच्या थोडं आधी, एका सकाळी, त्या कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या. त्या गृहस्थांना श्रीपेरुंबुदूरचं काम मिळालं होतं, कंपनीची बस तिथून त्यांना न्यायची. बस यायच्या आत त्या त्यांना विचारायच्या, यंदा बसवू का तुम्हाला? ते नाही म्हणायचे. मग टपरीवर दोघांची कॉफी व्हायची, बस यायची, अक्का घरी यायच्या. आम्ही वरचं बिऱ्हाड सोडून अड्यारला गेलो तरी नवरात्राच्या तयारीला मी यायचे, त्यामुळे मला हे ठाऊक. मामा आतूनच विचारायचे, काय म्हणाला? "नाही म्हणाला," अक्का सांगायच्या, आणि त्यांचा चेहरा असा असायचा की काहीतरी मिळवून आल्या आहेत. मी एकदा वैतागून म्हटलं, नाहीच म्हणणार आहेत, तर दरवर्षी विचारता कशाला? त्या म्हणाल्या, पहिल्यांदा विचारलं नाही म्हणून. मला ते तेव्हा नीटसं कळलं नव्हतं.

अक्कांमुळे मला हे शहर मिळालं. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही, आणि सांगितली असती तर त्यांनी परवाइल्ले, म्हणजे असू दे ग, म्हणून उडवून लावली असती. त्यांच्यामागे शरमेने उभं राहता राहता मी माणसांशी बोलायला शिकले, तमिळ शिकले, नकार ऐकायला शिकले. आता मी बसमध्ये कुणाकडे बघत असले आणि त्याने वर पाहिलं, तर मी नजर चोरत नाही, हसते. बहुतेक माणसं हसतात. एखादा हसत नाही, आणि मग मी खिडकीबाहेर बघते. हे सगळं त्यांचं देणं आहे.

परवा मी मामांकडे गेले होते. यंदा त्या घरात कोलू नाही. वर्षाच्या आत मांडत नाहीत. बाहुल्यांच्या पेट्या माळ्यावरच आहेत. मी कॉफी करत होते तेव्हा दारात ते गृहस्थ उभे होते. अक्का गेल्या त्या दिवशीही ते आले होते म्हणे, गर्दीत मागे, मी पाहिलं नव्हतं. आता केस बरेच पिकलेत. पत्नी बरी आहे, गाण्याच्या शिकवण्या घेते, असं त्यांनी सांगितलं. मी कॉफी दिली. या लेखाबद्दल तेव्हाच विचारलं. त्यांनी घरी बोलून सांगतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांचा फोन आला. पण ते त्यासाठी आले नव्हते. कॉफी संपली तरी ते पेला हातात फिरवत बसले होते.

"नवरात्र आलं," ते म्हणाले. "यंदा मला विचारायला कुणी आलं नाही."

पेट्या माळ्यावर होत्या. बाक नव्हता, पार्क नव्हता, मला लगद्याचा साधा चेंडूही वळता येत नाही. तरी मी त्यांच्यासमोर नीट उभी राहिले आणि माझ्या त्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये विचारलं, यंदा बसवू का तुम्हाला?

त्यांनी घाई केली नाही. खरोखर विचार केला असं वाटलं. मग मान हलवून नाही म्हणाले, पेला खाली ठेवला, आणि हात जोडून गेले.

अक्का गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं, आणि आवरेना. मामांनी आतून विचारलं, काय म्हणाला?

"नाही म्हणाले," मी सांगितलं.